एचआर करू का?

या, अशा जवळ सरकून बसा. मोठ्यानं सांगितली की ही गोष्ट ऐकू येत नाही. असं का, ते ती संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल.

कॉलेजच्या कचेरीबाहेर एक मुलगी बाकावर बसली होती. एमबीएचं पहिलं वर्ष संपलं होतं, दुसऱ्या वर्षाचा खास विषय आज ठरवायचा होता. काचेमागच्या कारकूनकाकांनी सगळ्यांना बजावलं होतं, "मी जेवायला उठलो की खिडकी बंद. मग मी देईन तो विषय गोड मानून घ्यायचा." बाकीची पोरं केव्हाच फायनान्स घेऊन चहाला पळाली होती. तिची खोलीतली मैत्रीण जाता जाता म्हणाली होती, "गणितात एवढे मार्क आणि एचआर घेणार? म्हणजे जन्मभर लोकांची रडगाणी ऐक आणि कुणाचा वाढदिवस आला की केक आण. बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

डोकं ठिकाणावर होतं. मनही ठरलेलं होतं. फक्त आपल्या माणसांपैकी कुणीतरी एकानं 'घे' म्हणावं, एवढीच तिची भूक होती. मामानं हसण्यावारी नेलं होतं, मावशीनं नाक मुरडलं होतं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. राहिले बाबा.

बाबा लाकूड कापायच्या कारखान्यात होते. अर्धेअधिक कान करवतीला देऊन बसलेले. लेकीची बडबड एकदा सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून तिला ते लाडानं टकळी म्हणायचे. पण आई गेल्यापासून फोनवर त्यांच्याकडून दोन शब्दांपलीकडे काही निघत नव्हतं. दुःखानं माणूस आटतो, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. हळूहळू तिचीही टकळी मंदावली होती.

तिनं फोन लावला.

"बाबा, आज विषय ठरवायचाय."

"बरं, बरं."

"सगळे फायनान्स घे म्हणतायत."

"बरं. जेवलीस का, टकळे?"

"बाबा, ऐका ना. मी एचआर करू का?"

पलीकडे करवत घरघरत होती.

"कर की. त्याला माझी परवानगी कशाला? चांगला दोन-चार दिवस विचार कर. घाई कसली आहे?"

'एचआर'चं त्यांच्या कानात 'विचार' झालं होतं. तिला आधी हसूच आलं. खिडकीतले काका डब्याची पिशवी टेबलावर काढत होते आणि इकडे बाबा दोन-चार दिवस देत होते. मग तिला मागचं आठवलं. मध्यंतरी ती तापानं फणफणली होती. तेव्हा फोनवर सांगितलं, तर बाबा म्हणाले होते, "छान, छान." रागानं तिनं पुढचा आठवडाभर फोनच केला नव्हता.

तिनं हळूच विचारलं, "बाबा, मी बोलते ते तुम्हाला ऐकू येतं का?"

"बरं, बरं," बाबा म्हणाले.

पूर्वी फोन आईच्या हातात असायचा. बाबा शेजारी बसून विचारायचे, "काय म्हणतेय ती?" आई मग आवाज चढवायची नाही, उलट खाली उतरवायची. जाड करायची, एकेक शब्द सुटा करायची. "अहो, ती म्हणतेय, परीक्षा झाली." लेक इकडून चिडवायची, "आई, स्टेशनवर घोषणा करतेयस का?" आई म्हणायची, "ओरडलं की त्यांना नुसता आवाज पोचतो गं. शब्द पोचत नाहीत."

"ठरलं का, ताई?" खिडकीतून काका म्हणाले. "डबा गार होतोय माझा."

ती उठून काचेशी गेली. "एचआर."

"घरी विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"विचार कर म्हणाले."

"शहाणा माणूस," काका म्हणाले, आणि त्यांनी खिडकी ओढून घेतली.

सगळा व्हरांडा ओस पडला. फोन अजून चालूच होता, बाबा कधी आपणहून ठेवायचे नाहीत. तिनं तो पुन्हा कानाला लावला. ती काहीच बोलत नव्हती, तरी पलीकडून थोड्या थोड्या वेळानं येत होतं, "बरं... हं... बरं."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तोंडाशी हाताचा आडोसा धरला. आवाज जेवढा खाली नेता येईल तेवढा नेला, जाड केला.

"अहो," ती म्हणाली. "ती म्हणतेय, तिनं विषय घेतला."

पलीकडचं 'बरं' थांबलं. करवतीची घरघर हळूहळू लांब गेली, कुणीतरी फोन कानाशी घट्ट धरून उघड्यावर येत असावं तशी.

"काय?" बाबा म्हणाले. "काय म्हणतेय ती?"

मंडळी, आज हात जोडून देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या आईचीही आठवण ठेवा. सावकाश घ्या नाव. एकेक शब्द सुटा करून.