पुठ्ठ्याआडचं चेनव्हील

सहाव्यांदा सायकलने चढ चढून ती मिस्त्रीच्या दुकानाच्या दारात आली, तेव्हा तिच्या पायांत गोळे आले होते आणि जीभ टाळ्याला चिकटली होती. मिस्त्रीने घड्याळ थांबवलं आणि आकडा खडूने फळीवर लिहिला.

"सांग, या वेळी कुठलं होतं?"

पायडलजवळच्या दातेरी चक्रावर, चेनव्हीलवर, पुठ्ठा बांधलेला होता. त्याच्या आड कधी कारखान्याचं गोल, कधी मामाने घरी बनवलेलं लंबगोल. दर फेरीआधी मिस्त्री तिला पाठ फिरवायला लावून बदलायचा. लंबगोल असलं की पायडल अडत नाही, सायकल जास्त पळते, असं मामा म्हणायचा. असली थेरं मी पन्नास पाहिलीत, असं मिस्त्री म्हणायचा. रविवारच्या शर्यतीत कुठलं लावायचं, ते आज घड्याळ ठरवणार होतं.

"मामाचं," ती छातीठोकपणे म्हणाली. "लोण्यासारखं फिरत होतं."

मिस्त्रीने पुठ्ठा सोडला. गोल.

मामाकडे बघायची तिची हिंमत होईना. निकालाला आलेल्या पोरासारखा तो बाकावर गुडघे जुळवून बसला होता. आठ महिने रोज जेवण झालं की हा कानस घेऊन बसायचा. मामी म्हणायची, सवत आणली असती तर निदान चार भांडी तरी घासली असती.

मिस्त्रीने दोन्हींच्या तीन-तीन फेऱ्यांची बेरीज केली. एका सेकंदाचा फरक. तोही गोलाच्या बाजूने.

"म्हणजे काहीच फरक नाही," मामा हळूच म्हणाला आणि पायाने चप्पल चाचपू लागला.

"काही म्हणजे काही नाही." मिस्त्रीने लंबगोल उचललं आणि तो थबकला. "हे कापलंत कुठल्या मशीनवर?"

"मशीन कुठलं? पोलादाचा पत्रा आणि कानस."

"आणि दाते?"

"तेही कानशीनेच. अठ्ठेचाळीस आहेत."

मिस्त्रीने ते अलगद बाकावर ठेवलं. मग म्हणाला, "तीस वर्षं मी कानाने सायकली दुरुस्त करतोय. एक दाता केसभर चुकला तरी चेन कुरकुरते. ही पोरगी तीनदा यावर चढून आली. चक्रं मीच बदलत होतो, तरी ऐकून मला दोन्हींत फरक कळला नाही."

तो नळाकडे गेला. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मिस्त्रीच्या तळहातांचा खरा रंग तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"काका, फरक नाही ना? मग रविवारी हेच लावा," ती म्हणाली.

"लावतो. आधी बघू तर दे."

तान्हं मूल घ्यावं तसं त्याने ते चक्र दोन्ही हातांत घेतलं आणि दारातल्या उन्हात नेलं. दात्यांवर बोट न ठेवता, नुसत्या नजरेने तो दाते मोजू लागला. मामा एका पायात चप्पल घालून तसाच उभा. तिलाही धापा टाकायचं भान राहिलं नाही.

सव्विसाव्या दात्याशी मिस्त्री चुकला. तो पुन्हा एकपासून मोजू लागला.