लायलच्या गाडीचा आवाज

सलग दोन सकाळी दारावरून लायलच्या गाडीचा आवाज आला नाही, आणि दोन्ही दिवस वेंडलने नाश्त्याची ताटली तशीच परत पाठवली.

त्याची मुलगी मार्ला धास्तावली. अर्धांगाच्या झटक्याने बाबांची उजवी बाजू गेली होती, लाडका पिकअप विकला गेला होता, जिभेची धार तेवढी शाबूत होती. तीही चालायची फक्त लायलवर. नेवाडातल्या त्या वाळवंटी गावात दोघांचं वर्षानुवर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. वेंडलचा आठ सिलिंडरचा पिकअप, लायलचा दुसऱ्या कंपनीचा, सहा सिलिंडरचा. दोघेही वाळूच्या टेकड्यांवरून उडवायचे. शेवटची शर्यत कोण जिंकलं यावर तर अजून भांडण मिटलेलं नव्हतं. धूळ इतकी उडाली होती की निकाल देणाऱ्यालाच काही दिसलं नाही, आणि दोघेही आपणच जिंकलो म्हणून गावभर सांगत सुटले.

वेंडल अंथरुणाला खिळल्यापासून लायल रोज सकाळी मुद्दाम त्याच्या दारासमोरून गाडी गुरगुरवत जायचा. पडद्याआडून वेंडल म्हणायचा, "आलं शिवणयंत्र." मग लायलचा उद्धार करत करत अंडी, बटाटे, सगळं फस्त. डॉक्टरांच्या गोळ्या राहू देत बाजूला, बाबा त्या शिव्यांवरच जगतायत, असं मार्लाचं स्पष्ट मत होतं. तिला स्वतःला गाड्यांतलं काडीचं कळत नव्हतं. आजारपणात ती शहरातून इथे येऊन राहिली होती एवढंच.

ती तडक लायलकडे गेली. अंगणात एक करडा, कोरा पिकअप उभा होता आणि भिंतीतून निघालेली जाड वायर त्याच्या कुशीत खोचलेली होती. लायल पायरीवर बसला होता, चोरी पकडली गेल्यासारखा.

"इलेक्ट्रिक घेतलीत, लायलकाका?"

"पोरगा म्हणाला, एकदा चालवून तर बघा. बघितली आणि पाघळलो." लायलला हळू बोलता येत नसे. इंजिनांनी त्याचे कान केव्हाच अधू केले होते. "काय सांगू तुला, पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. जुनी देऊन टाकली बदल्यात. दोन्ही दिवस तुमच्या दारावरून गेलो गं मी. पण हिला आवाजच नाही. त्याला पत्ताच लागला नाही."

"मग आत येऊन सांगायचं."

"सांगू? असल्या गाडीवाल्यांना तो खेळण्यातले ड्रायव्हर म्हणतो. माझ्याशी भांडणंच सोडून देईल तो."

"बाबा जेवत नाहीयेत," मार्ला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

लायलने टोपी काढून चुरगाळली. मग म्हणाला, "शेवटच्या शर्यतीत आमच्या हिने शेवटच्या रेघेपाशी उभं राहून मोबाइलवर चित्रण केलं होतं. दिसत काही नाही, नुसती धूळ. पण आवाज चांगला आलाय. पहिली गाडी रेघ ओलांडते तेवढाच तुकडा घेतो. म्हणजे माझीच. मागे मोठा स्पीकर बांधतो. बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरून गुरगुराट आला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. मार्ला ताटली धरून उभी राहिली. वेंडलने तो शेवटपर्यंत कान देऊन ऐकला.

"लायल आहे," ती घाईने म्हणाली.

"हं," वेंडल म्हणाला. "आण इकडे ती अंडी."

मार्लाचा जीव भांड्यात पडला.

आठवडे गेले. वेंडल खात होता, अंगावर जरा मांस धरत होता. एकच गोष्ट तिला खुपायला लागली. शिव्या कमी झाल्या होत्या. "आज बरी वाजतेय," असं म्हणायचा. कधी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचा. बाबा लायलच्या गाडीबद्दल चांगलं बोलतायत म्हणजे आजार डोक्यात चढला की काय, या विचाराने तिची झोप उडाली.

एका रविवारी लायल स्वतःच भेटायला आला, गाडी घरी ठेवून, चालत.

"अजून तो खटारा हाकतोस?" वेंडलने विचारलं.

"हाकतो की."

"हाक. चांगली गाडी आहे ती. तिच्यासारखी या वाळवंटात दुसरी झाली नाही."

लायलचा चेहरा पडला. काहीतरी पुटपुटत तो बाहेर आला आणि ओट्यावर मार्लाचा हात धरून उभा राहिला. "अर्धं आयुष्य वाट बघितली गं हे ऐकायला. आणि आता गाडी कुठे आहे माझ्याकडे? मला नाही जमत हे नाटक. उद्या सांगून टाकतो त्याला."

"नको," मार्ला म्हणाली. "त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं तर? मीच सांगते, माझ्या पद्धतीने."

तिने सूप गरम केलं, अख्खा वाडगा संपेपर्यंत धीर धरला. मग पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगून टाकलं. नवी गाडी, वायर, स्पीकर. "रागावू नका बाबा. तुमच्यावर जीव आहे त्यांचा. आणि जेवण सोडू नका, एवढंच मागते."

"मला ठाऊक आहे," वेंडल म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

मार्लाने वाडगा खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"एवढा थोरला स्पीकर बांधून रोज माझ्यासाठी येतो तो. कोण येतं असं? ओळखलं म्हणून सांगितलं तर त्याला कसं वाटेल?" वेंडलने चांगल्या हाताने तिचे डोळे पुसले. "कुठला तुकडा लावलाय म्हणालीस?"

"शेवटच्या शर्यतीतला. पहिली गाडी रेघ ओलांडते तो. त्यांची."

वेंडलच्या चेहऱ्याची हलणारी अर्धी बाजू हळूहळू हसू लागली.

"पोरी, तो आवाज माझ्या आठ सिलिंडरचा आहे," तो म्हणाला. "त्याला सांगशील तर बघ."