पायाची साक्ष

"काका, तुमच्या पायानंच चुगली केली," संगणकाच्या पडद्याकडे बघत यमुनाताई म्हणाल्या.

दिव्यांगांना हक्काच्या सवलती मिळवून देण्यात त्यांची हयात गेली होती. पूर्वी साहेबांना पटवावं लागे, आता पायाला. सरकारी कृत्रिम पाय माणसाचं चालणं आणि दुखणं परस्पर कार्यालयात कळवायचा. गेनूकाकांचा पाय कळवून बसला होता की मालक पोरीच्या वरातीत मनसोक्त नाचले, दुखलं काहीच नाही. म्हणून काकांचा मदतनीस बंद झाला होता.

"एकुलती पोर, ताई. वाजंत्री वाजताना दुखतंय कुठं?"

"आणि नंतर?"

"नंतर सगळं सोलून निघालं. आठवडाभर पाय खाटेखाली आणि मी खाटेवर. मोरीपर्यंत मदतनीस उचलून न्यायचा."

यमुनाताईंनी कपाळाला हात लावला. काढून ठेवलेल्या पायाच्या लेखी काका आठवडाभर मजेत होते! अपिलाला आता एकच पुरावा चालणार होता, आणि तो सांगताना त्यांची नजर वर होईना.

"पुन्हा तसंच नाचावं लागेल, काका. आणि कितीही सोललं तरी आठवडाभर पाय काढायचा नाही. कळू दे त्याला."

गेनूकाकांनी पायाचा पट्टा आवळला.

"नाचतो की," ते म्हणाले. "पण कुणाच्या लग्नात, ताई?"