मागच्या दारचं मशीन

“समोरून दार असलेलं नको,” विजयमालाबाई म्हणाल्या. “दर वेळी खाली वाकायचं. वरून झाकण असलेलं दाखवा.”

नव्या पेठेतल्या त्या दुकानात सोमशेखर एकेक मशीन उघडून दाखवत होता. “काकू, वरच्या झाकणाचं पिळून देतंय, पण वाळवत नाही. तुम्हाला तर ड्रायर पाहिजे. आता घरी कोणतं हाय?”

“दोन टबांचं. एकात धुवायचं, ओलं गच्च उचलून दुसऱ्यात टाकायचं.”

“म्हणजे माणसाची निम्मी मेहनत तशीच की! ह्याच्यात ओलं टाका, कोरडं काढा. आणि पाणी निम्म्यात. आपल्याकडं नळाला पाणी कधी येतंय ते तुम्हाला ठाऊकच हाय.”

विजयमालाबाईंनी काचेच्या दारातून आत हात घालून बघितलं. वाकताना आपल्या गुडघ्यांपेक्षा सुनेच्या पोटाचा विचार त्यांच्या मनात आला. पुढच्या महिन्यांत आरोहीला असं वाकता येईल का? म्हणून तर तिला आज आणलं नव्हतं. रिक्षाचे धक्के नकोत.

कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. तीन महिने पुरे होईपर्यंत असं काही ओठावर आणू नये, हे त्यांना आईने शिकवलं होतं. पण घरातलं मशीन बोलत होतं.

ते दोन टबांचं मशीन आरोहीच्या माहेराहून, अक्कलकोटहून, लग्नात आलेलं. आलं त्याच महिन्यात तिने त्यात आपले चार दिवसांचे कपडे टाकले. मग विजयमालाबाईंनी ते मागच्या दारी हलवलं. देवाधर्माच्या घरात त्या कपड्यांबरोबर बाकीचे कसे धुवायचे? तेव्हापासून ते तेवढ्याच कामाला. घरातले बाकीचे कपडे सासूसून हाताने धूत.

चार दिवस तरी कुठले! आरोहीचे दहा-दहा, बारा-बारा दिवस होत. मागच्या दारी घरघर चालूच. सोमवारचं उद्यापन दोनदा पुढं ढकललं. वटपौर्णिमेला तर शेजारच्या पाचजणी हळदीकुंकवाला आलेल्या, आणि ही पुन्हा मागच्या खोलीत. विजयमालाबाई एरवी कुणाला मोठ्याने बोलत नसत. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, “बाई गं, हे तुझं एकदाचं बंद झालं म्हणजे मी सुटले.”

आठवड्याने आरोही माहेरी गेली. महिनाभर राहून आली ती जरा पिवळट दिसत होती, हळू चालत होती. आणि तेव्हापासून मागच्या दारच्या मशीनचं झाकण उघडलंच नव्हतं. त्यावर धूळ साचली. विजयमालाबाई रोज तुळशीला पाणी घालताना ती धूळ बघत, आणि हात जोडत.

परवा अजिंक्य म्हणाला होता, “आई, आरोहीला बादल्या उचलू देऊ नकोस. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय.” एवढंच बोलून पोरगा मान खाली घालून आत गेला. लाजला असेल.

“काकू, चहा?” सोमशेखरने विचारलं.

“नको. सोडलाय.”

“साखर हाय का तुम्हाला?”

“नवस हाय.” त्या हसल्या. घरात पाळणा बांधला जाईपर्यंत चहा घ्यायचा नाही, असं सिद्धेश्वराला सांगून त्यांना तीन वर्षं झाली होती.

“ह्या ड्रायरमध्ये,” त्यांनी आवाज बारीक केला, “लहान मुलांची दुपटी, लंगोट वाळतात का हो? थंडीच्या दिवसांत?”

सोमशेखरचे डोळे चमकले. “तासाभरात! ऊबदार निघतात. बाळाला तसेच गुंडाळा. अन् खाली हे स्टँड लावून देतो, वाकायला नको.”

“मग हेच द्या.”

शेजारी उभा असलेला अजिंक्य फोनमध्ये बघत होता. “आई, एवढं भारीचं कशाला?” तो पुटपुटला.

“तू गप रे. तुला काय कळतंय त्यातलं?”

“जुनं बदल्यात देणार का काकू? आमचा माणूस घेऊन जाईल.”

“नको. राहू दे ते. लागेल परत.”

दुसऱ्या दिवशी दुकानातला बसप्पा मशीन घेऊन आला. न्हाणीघराबाहेर स्टँडवर ते बसलं तेव्हा विजयमालाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. फूल वाहिलं. मग आरोहीला जवळ बोलावून तिच्याही कपाळाला कुंकू लावलं. आरोहीने डोळे मिटून घेतले.

“मागच्या दारी एक जुनं दिसतंय,” बसप्पा म्हणाला. “न्यायचं का? तुमी नको म्हणालाव म्हणे.”

“घेऊन जा दादा,” आरोही म्हणाली.

“अगं, राहू दे की. वर्षाभराने लागेलच तुला.”

“नाही लागणार, आई.”

“वेडी का काय! बाळंतपण झालं की परत सुरू होतंच बायकांचं.”

अजिंक्य उठून अंगणात निघून गेला. विजयमालाबाई एकदा त्याच्या पाठीकडे, एकदा सुनेकडे बघत राहिल्या.

आरोही स्वयंपाकघरात गेली. बसप्पासाठी केलेल्या चहातला एक कप तिने बाहेर आणला आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला.

“डॉक्टर गोळ्या देत होते. मीच म्हणाले, पिशवी काढूनच टाका. आई सुटतील.” तिचा आवाज अगदी सासूबाईंसारखाच हळू होता. “घ्या. आता चहा घ्यायला हरकत नाही.”