दिवा धरणारा

पडद्यावर घरच्या दिव्याने टिपलेलं कुमुदिनीबाईंच्या छातीचं उष्णतेचं चित्र उमटलं. भोवतालची कातडी लाल दिसत होती. गाठ मात्र निळी, थंडच.

"सुईने सोडलेले सोन्याचे कण गाठीत नीट साचलेत," सिस्टर म्हणाली. "पण दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडलाच नाही. कण तापल्याशिवाय गाठ जळणार कशी? उलट वाढलीय. घरी दिवा कोण धरतं?"

हेरंब आईशेजारीच बसला होता. रोज संध्याकाळी ती पदर बाजूला करायची, आणि तो दिवा पुढे करून मान खिडकीकडे वळवायचा. उजेड कुठे पडतोय, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"मीच धरते," आई म्हणाली. "हात कापतो हो आता."

"मग मुलाला सांगायचं की. चांगला धडधाकट बसलाय."

"त्याला कामं असतात."

या जागी हेरंबचं एक वाक्य यायला हवं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "आजपासून मी धरत जाईन."

"बघा, नशीबवान आहात," सिस्टर म्हणाली. "असा मुलगा हल्ली कुठे मिळतो?"

"लहानपणापासून तसाच आहे तो," आई म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.