केजचा निकाल

दख्खन भारतात विलीन न होता वेगळा देशच राहिला होता. त्याच्या निवडणुकांचे निकाल हैदराबादहून रेडिओवर सांगत होते. केजमध्ये चतुराबाईचं सगळं घर ओसरीवर कान देऊन बसलं होतं. ती राज्याच्या विधानसभेला उभी होती. तिच्या धाकट्या भावानं, बजरंगनं, मत्सरापोटी तिच्या विरोधात मत दिलं होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

देशाचे निकाल निवेदिकेनं वाचले. मग राज्याचे सुरू झाले.

"केजमधून चतुराबाई पराभूत," हे मात्र बजरंगच्या आवाजात ऐकू आलं.

सगळे त्याच्याकडं वळले. त्याचं तोंड मिटलेलं होतं. शरमेनं त्याची मान खाली गेली.

"बजरंग, ह्यो तर तुझा आवाज हाय," चतुराबाई हळूच म्हणाली. "तू कुणाला मत दिलंस, बाबा?"

त्यानं ओठ हलवले, पण शब्द फुटला नाही.

"तुलाच दिलं, अक्का," रेडिओ त्याच्याच आवाजात म्हणाला.