दाराबाहेरचा रेडिओ

प्लगमधली सुटलेली तार वायरमननं जागेवर बसवली आणि टेस्टरनं स्क्रू पिळला. आता प्लग भिंतीत खोचला की रेडिओ सुरू. पण तेवढ्यात बंद दारापलीकडून बायकोचा आवाज आला आणि त्याचा हात तसाच राहिला.

हा रेडिओ काही करमणुकीसाठी ठेवलेला नव्हता. व्यसनमुक्ती केंद्राच्या त्या खोलीबाहेर, व्हरांड्यातल्या स्टुलावर तो असायचा. आत कुणी समुपदेशनाला बसलं की बाहेर रेडिओ लावायचा, ही समुपदेशक ताईंची पद्धत. भिंतींना कान असतात म्हणतात, पण इथलं प्लायवूडचं दार त्यांच्याही वरताण होतं. नवरा-बायको मिळून दारू सोडायला आले की ताई पहिल्याच दिवशी बजावायच्या, "तिचा तास तिचा, तुमचा तास तुमचा. आतलं मी बाहेर नेणार नाही, आणि तुम्ही विचारायचं नाही." बायकोसोबत दाखल होताना वायरमननंही मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं म्हणा.

आज बायकोच्या तासाला रेडिओ मध्येच बंद पडला. आत ती बोलण्याच्या भरात होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. केंद्रातल्या पाळीप्रमाणे व्हरांडा झाडणारा वायरमन झाडू टाकून धावला. चांगल्या मनानंच धावला, खोटं कशाला बोला. बंद पडलेलं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. काम मिनिटभराचं होतं आणि ते झालंही होतं. तरीही प्लग त्याच्या हातातच होता.

"त्यांनी दोनदा सोडली होती, ताई," बायको सांगत होती. "स्वतःच्या हिमतीवर. दोन्ही वेळा मीच पुन्हा ओतून पुढे ठेवली. एकटीनं प्यायची लाज वाटायची. आणि हे सुधारले तर माझ्यासारखीला कशाला जवळ करतील, असं वाटायचं. ते बिचारे अजून म्हणतात, माझंच मन कच्चं."

त्यानं प्लग खोचला. रेडिओवर कुणीतरी उद्याचं हवामान सांगू लागलं.

राग यायला हवा होता, तो आलाच नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. इतकी वर्षं तो स्वतःलाच शिव्या घालत आला होता. आणि आत ती किती रडवेली होऊन बोलत होती. त्याला तिची दया आली, मायाही आली. ते सगळं त्यानं पोटात ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मोठं मन असून भागत नाही, ते दाखवायचंही असतं ना माणसाला.

संध्याकाळी चहाच्या वेळी जोडप्यांना अंगणातल्या बाकांवर एकत्र बसता यायचं. ती चहावर फुंकर घालत होती. चेहरा कधी नव्हे तो निवांत होता.

"अगं," तो म्हणाला, "जुनं सगळं सोडून दे. तू ओतलीस, मी प्यायलो. माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही."

तिची फुंकर थांबली.

"ताईंनी सांगितलं तुम्हाला?"

हो म्हणणं सोपं होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"नाही," तो म्हणाला. "रेडिओ बंद होता. मीच ऐकलं."

प्यायच्या दिवसांत ती भांडी फेकायची. आत्ता कप फेकून मारला असता तरी त्याला बरं वाटलं असतं. तिनं कप दोन्ही हातांत नीट धरून ठेवला.

"रविवारी आपण दोघं एकत्र बसणार होतो ना ताईंसमोर," ती म्हणाली. "तेव्हा सांगणार होते. कधीपासून तेच बोलून बघतेय आत. आयुष्यात एक गोष्ट तरी शुद्धीत असताना, माझ्या तोंडानं तुम्हाला सांगायची होती."

"मग सांग की. मी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकेन."

ती किंचित हसली. "आणि माफ पण पहिल्यांदाच केल्यासारखं कराल?"

तिनं भरलेला कप बाकावर ठेवला आणि ती बायकांच्या खोल्यांकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या तासाआधीच वायरमन रेडिओपाशी हजर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यानं प्लग दोनदा ओढून पाहिला, तारेवर चिकटपट्टी गुंडाळली. ती आली, त्याच्याकडे न बघता आत गेली. दार लागलं. त्यानं रेडिओ लावला आणि आवाज चांगला मोठा केला, म्हणजे तिला आतही कळावं की तो सुरू आहे. मग स्वतः व्हरांड्याच्या पार टोकाला, पायरीवर जाऊन बसला. कुणीतरी गाणं म्हणत होतं. खरखर नाही, काही नाही, अगदी स्वच्छ.

ती बोलत असेल, त्याच्याबद्दलही बोलत असेल. बोलू दे. काय वाट्टेल ते बोलू दे, असं त्यानं मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल. मग परत येऊन त्यानं बटण आणखी थोडं फिरवलं.

दार उघडलं. ताई बाहेर आल्या आणि दार मागे ओढून घेतलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या.

"दादा, बंद करा तो."

"नको ताई, असू दे," तो घाईनं म्हणाला. "नाहीतर बाहेर ऐकू येतं."

ताईंनी स्वतःच हात पुढे करून रेडिओ बंद केला.

"काही ऐकू येणार नाही," त्या म्हणाल्या. "ती आल्यापासून गप्प बसून आहे."